'सबॅटिकल'ला आपल्याकडे काय म्हणायचं?

प्रश्न (दारव्हा): पंचेचाळिशी ओलांडली, सरकारी नोकरीत निम्मं आयुष्य गेलं. येत्या पाडव्यापासून वर्षभर थांबायचा विचार आहे. नोकरी सोडायची नाही. वडील आहेत तोवर त्यांच्याकडून शेती शिकून घ्यायची आहे. गावात सांगितलं की लगेच विचारतात, "रिकामे झाले का भाऊ? तब्येत बरी हाय ना?" नोकरी न सोडता घेतलेल्या अशा लांब रजेला इंग्रजीत 'सबॅटिकल' म्हणतात, पण ते कोणाला कळत नाही. चपखल शब्द सुचवा.

उत्तर (अमरावती): अर्जात नियमातलेच शब्द लिहा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अर्जित, अर्धवेतनी, अध्ययन, असाधारण अशा रजा आहेत. अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते. असाधारण रजा बिनपगारी असते आणि तिचा काळ सहसा वेतनवाढीसाठी धरत नाहीत, म्हणून आस्थापना शाखेत आधी विचारून घ्या. वीस वर्षं झाली की स्वेच्छानिवृत्तीही मिळते, पण ती तुम्हाला नकोच आहे. घरात त्या शब्दाची गल्लत होऊ देऊ नका, घरचे घाबरतात.

उत्तर (आर्वी): 'विश्रांती' म्हटलं की आजारपण वाटतं. 'वानप्रस्थ'मध्ये परत येणं नाही. 'खाडा' तर नकोच, सालगड्याच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराच्या, हिशोबात खाडा म्हणजे कापली जाणारी मजुरी.

उत्तर (पुसद): सबॅटिकल हा मुळात शेतीचाच शब्द आहे. ज्यू धर्मग्रंथांत दर सातव्या वर्षी जमीन न पेरता ठेवायची आज्ञा आहे, तिथून तो आला. हार्वर्ड विद्यापीठानं 1880 मध्ये प्राध्यापकांसाठी अशी रजा सुरू केली. आपल्या महसुली नोंदींत याला नेमका शब्द आहे: 'चालू पड'. वहितीतली जमीन, पण यंदा पेरलेली नाही. पोटखराब म्हणजे लागवडीलायक नसलेला भाग वेगळा, वर्षानुवर्षं न पेरलेली कायम पड वेगळी. चालू पडीत मालकी तशीच राहते आणि पुढच्या हंगामात तिथं पेरा होऊ शकतो. तुमच्या वर्षाला याहून जवळचा शब्द मला तरी दिसत नाही.

उत्तर (आर्वी): अर्थ पटला. पण बोलताना नुसतं 'पड' ऐकू येतं, आणि ज्याचं वावर पडीत त्याच्याकडं गाव कोणत्या नजरेनं पाहते ते आपल्याला ठाऊक आहे. लिहिताना 'चालू पड' वापरा, तोंडी 'सालभराची सुट्टी' म्हणा. साल म्हटलं की पाडवा ते पाडवा, सालदारीमुळं हे कोणाला समजावावं लागत नाही. आणि परतीचं त्याच वाक्यात सांगा, म्हणजे 'रिकामे' हा शब्द कोणी काढणार नाही: "औंदा सालभर सुट्टीवर हाय, पुढच्या पाडव्याले रुजू होतो."