माजलेला की माजावर आलेला?

प्रश्न: आल्प्समधल्या शॅमॉयवर (शेळी-मेंढीच्या कुळातला, कड्याकपारींतला प्राणी) लिहितेय. नोव्हेंबरात नरांचा ‘रट’ (मिलनाच्या हंगामातला आवेश) चालतो, त्याला मराठीत ‘माज’ म्हणू का? ‘सर्व्हायव्हल कॉस्ट’ला (या धडपडीपायी जगण्याची शक्यता घटते, त्याला) सध्या ‘जगण्याची किंमत’ लिहिलंय.

प्रतिसाद: ‘जगण्याची किंमत’ आधी खोडा, डाळ-तेलाचे भाव आठवतात. इथे किंमत आयुष्यानं मोजायचीय.
माजाचं म्हणाल तर आमच्या गोठ्यात माजावर येते ती गाय-म्हैस. 21 दिवसांनी हंबरते, सोट (चिकट स्राव) टाकते. म्हशीचा तर ‘मुका माज’, नजर नसेल तर कळतही नाही. वळू मात्र माजावर येत नाही, तो माजतो.

प्रश्नकर्ती: पण माजलेला म्हणजे खाऊन मस्तावलेला ना?

प्रतिसाद: तेच तर! शॅमॉयचा नर उन्हाळाभर चरून चरबी चढवतो, शरदात मादीपेक्षा चांगलाच जड असतो. मग पाठलाग आणि मारामाऱ्या, चरायला सवड नाही, आणि पाठोपाठ बर्फ. वसंतात दोघं वजनाला जवळपास सारखे. माज चढला, माज उतरला. याहून नेमका शब्द कुठून आणणार?

आणखी एक: ‘मेटिंग स्ट्रॅटेजी’ला ‘प्रजनन रणनीती’ नको, बोकड काही नकाशे पसरून बसत नाही. ‘तऱ्हा’ म्हणा. इटलीतल्या ग्रान पारादीसोत काही नर माजाच्या बऱ्याच आधीपासून आपला टापू धरून बसतात, बाकीचे ऐन हंगामात माद्यांमागे फिरतात. ‘टापूवाले’ आणि ‘मागावरचे’.

प्रश्नकर्ती: उत्तर अमेरिकेतल्या बिगहॉर्न मेंढ्यांचं? संशोधक जॅक हॉग यांनी 1984 मध्ये तीन तऱ्हा मांडल्या: टेंडिंग, कोर्सिंग, ब्लॉकिंग.

प्रतिसाद: टेंडिंगवाला ‘राखणारा’, पण तो मादी राखतो, जागा नव्हे, हे एकदा लिहा. ब्लॉकिंगवाला मादीला इतरांपर्यंत जाऊच देत नाही, तो ‘अडवणारा’. कोर्सिंगवाला राखणाऱ्याला धडकून क्षणभरात मादी गाठतो, तो ‘घुसखोर’.

दुसरा प्रतिसाद: डोंगरी नाहीत, पण स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए मेंढ्या घ्याच. तिथले खच्ची केलेले मेंढे शरदातल्या झुंजींत पडले नाहीत आणि धडधाकट नरांपेक्षा कितीतरी जास्त जगले. माज नाही तर झीजही नाही.

प्रश्नकर्ती: मग शीर्षक ‘माजाची झीज’?

पहिला प्रतिसाद: टापूवाल्याला शोभेल. पण धडकेत कड्यावरून गेलेल्या घुसखोराला झीज कसली?