सेंट्रल पॅसिफिकच्या पगारपत्रकांत चिनी मजुरांची नावे का नाहीत?

प्रश्न : कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे निघालेल्या आणि १० मे १८६९ रोजी युटातील प्रोमॉन्टरी समिट येथे युनियन पॅसिफिकला मिळालेल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवर हजारो चिनी मजूर राबले, तरी कंपनीच्या पगारपत्रकांत त्यांची वैयक्तिक नावे क्वचितच का आढळतात?

प्रतिसाद : याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. कंपनी बहुतेकदा पगार एकेका मजुराला न देता टोळीच्या मुकादमाला किंवा कंत्राटदाराला देत असे, त्यामुळे पत्रकात त्याचेच नाव आणि कामाचे एकूण दिवस उरले. जानेवारी १८६४च्या पत्रकातील हंग वाह हे नाव असेच आहे. ही पत्रके सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात जपलेली आहेत. आपण ती वाचाल तेव्हा ज्या रकान्यात माणसे असायला हवीत तिथे केवळ आकडे दिसतात, आणि मला ते फार अस्वस्थ करते.

दुसरा प्रतिसाद : वरील उत्तराला एक जोड देतो. पगारपत्रकांइतकाच पत्रव्यवहारही पाहावा. जून १८६७ मध्ये सिएरा नेवाडा पर्वतरांगेत चिनी मजुरांनी संप केला, तेव्हा कंपनीच्या बांधकामाचे प्रमुख चार्ल्स क्रॉकर यांनी त्यांची अन्नाची रसद तोडली. हे आपल्याला संचालकांच्या आपसांतील पत्रांतून, म्हणजे मालकांच्याच नजरेतून कळते, कारण त्या मजुरांनी स्वतः लिहिलेले एकही पत्र अद्याप हाती आलेले नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता मुकादमांच्या नावांपासूनच सुरुवात करतो.