‘किमी नी तोदोके’ : पहिल्या खंडानंतर पुढे वाचू का?

निळीशाई :
शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीची जपानी चित्रकथा, पहिल्यांदाच हातात घेतली. करुहो शिइना यांचा पहिला खंड दोन रात्रींत वाचला. उजवीकडून डावीकडे चौकटी वाचायची सवय व्हायला वीसेक पानं गेली. लांब काळ्या केसांमुळे नायिका सावाकोला शाळेत सगळे ‘सादाको’ म्हणतात, भयपटातल्या भुतासारखं. आणि ही मुलगी रात्रीच्या धाडसाच्या खेळात आपणहून भूत व्हायला तयार होते, कारण त्यामुळे कुणाच्या तरी उपयोगी पडता येईल! तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. शाळेत माझ्याही बाकावर कुणी बसायचं नाही. पण प्रेमकथा म्हणावी, तर तिचा वर्गमित्र काझेहाया आणि ती यांच्यात अजून तसं काहीच झालेलं नाही. पुढे वेग येतो का?

चाफा_७ :
वेग येत नाही, आणि ते बरंच आहे. एकूण ३० खंड आहेत, मालिका २०१७ मध्ये संपली. सावाकोला आधी मैत्रिणी मिळायला हव्यात. चिझुरू आणि आयाने या वर्गातल्या मुलींशी तिची मैत्री घट्ट झाली की तू थांबणार नाहीस.

कोकणी_वाचक :
सुरुवातीची गोष्ट २००५ मध्ये स्वतंत्र कथा म्हणून आली होती, मालिका नंतर झाली. म्हणून ती पूर्ण वाटते. आणि संवादाच्या फुग्याबाहेरचा मजकूर घाईत वाचू नका, सावाकोचं मन तिथेच असतं.

निळीशाई :
अरेच्चा, तो मजकूर मी भराभर वाचत गेले होते. आज रात्री पुन्हा पहिल्या पानापासून.