उ: प्रिव्हेलिंग वेजसाठी राज्याच्या लेबर ऑफिसला अर्ज?

वर कुणीतरी राज्याच्या लेबर ऑफिसकडून प्रिव्हेलिंग वेज (म्हणजे अमेरिकेत त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार, सरकार ठरवून देतं तो) लिहून आणायला सांगितलंय, पण ती जुनी पद्धत झाली. १ जानेवारी २०१० पासून हे काम वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रिव्हेलिंग वेज सेंटरकडे आहे. फॉर्म ९१४१, तोही एम्प्लॉयरने (किंवा त्याच्या वकिलाने) भरायचा. आपण स्वतः भरायचा प्रश्नच नाही. एच-१बी वर्क व्हिसाच्या एलसीएसाठी (एम्प्लॉयरने लेबर खात्याकडे करायचा अर्ज) हा आकडा मागवणं ऐच्छिक, ग्रीनकार्डच्या पर्मसाठी (त्यासाठी लागणारी लेबर खात्याची मंजुरी) मात्र सक्तीचं.

आकडा जास्त आला म्हणून सगळे शहराला दोष देतात, पण खरी मेख जॉब डिस्क्रिप्शनमध्ये असते. माझ्या फॉर्मच्या ड्राफ्टमध्ये मॅनेजरने हौसेने 'दोन ज्युनियरांवर देखरेख' घातलं होतं. प्रत्यक्षात मी त्यांचा कोड बघायचो, बस. वकीलबाईंनी ती ओळ काढायला लावली, कारण कामाच्या अटींच्या पॉइंटवरून पगाराची लेव्हल (१ ते ४) ठरते; देखरेखीचा सहसा एक पॉइंट वाढतो आणि लेव्हल २ ची थेट ३ होते. तेवढा पगार द्यायला कंपनी कुठली तयार! तेव्हा फॉर्म जायच्या आधी ड्राफ्ट मागून घ्या. आणि हो, आलेल्या आकड्याची मुदत ९० दिवस ते एक वर्ष असते, ती तारीख बघून ठेवा.