मदत हवी आहे - जलाल अब्दोह यांच्याविषयी काय वाचू?

नमस्कार मंडळी, इराणचे कायदेपंडित आणि डिप्लोमॅट जलाल अब्दोह यांच्यावर कोणी काही वाचलंय का? ब्रिटिश कॅमेरून्समध्ये (पश्चिम आफ्रिकेतला तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातला मुलुख) १९५९ आणि १९६१ ला जे सार्वमत झालं त्याचे यूएन कमिशनर हेच, म्हणजे उत्तर भाग नायजेरियात गेला नि दक्षिण भाग कॅमेरूनमध्ये, ती मतदानं यांच्या देखरेखीखाली झाली. आणि लगेच १९६२ च्या शेवटी पश्चिम न्यू गिनीचे (न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग) यूएनतर्फे प्रशासक, डचांकडून आलेला मुलुख मे १९६३ ला इंडोनेशियाला सोपवेपर्यंत! एवढं मोठं काम केलेला माणूस, आपल्याकडे नावही कोणाला माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं. मला त्यांच्या तेहरानमधल्या वकिली-कोर्टाच्या दिवसांबद्दल वाचायचंय, फारसी येणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, इंग्रजी पुस्तकं, यूएनचे जुने रिपोर्ट, काहीही चालेल.