तुळजापूरला जाताच आहात तर नळदुर्गही करा

ताई, नववीतली लेक देवदर्शनाच्या सहलीला कंटाळते म्हणालात, म्हणून सुचवतो. तुळजापूरहून नळदुर्ग जवळच आहे, तो जोडून घ्या. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातला दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात पाणीमहाल! चांगला पाऊस झाला की नर-मादी धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि महालातल्या गवाक्षातून ते पाणी दिसतं. माझा पुतण्या तिथून हलेचना. पाणी आत कसं शिरत नाही, भिंत किती जाड, प्रश्नांवर प्रश्न. या वयाच्या मुलांना नुसतं ‘हे बघ, ते बघ’ करू नये. दिवसाचा बेत तिलाच आखू द्या, मग बघा कशी रमते. दगडांवर शेवाळ असतं, चप्पल मात्र पकड असलेली घाला.