हद्द, वेस की काठ?

प्रश्न – शहरातल्या मोकळ्या जागांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात समाजशास्त्रज्ञ रिचर्ड सेनेट यांचा ‘बाउंडरी’ आणि ‘बॉर्डर’ हा भेद येतो. पहिली म्हणजे जिथे सगळं थांबतं ती कड. दुसरी म्हणजे जिथे दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळतात ती. मी दोन्हीकडे ‘सीमा’च लिहून बसले आहे.

– पहिलीला ‘हद्द’ चपखल. पोलीस ठाण्याची हद्द, हद्दपार. हद्दीवर कुणी राहत नाही, ती ओलांडायचीच असते. दुसरीला ‘वेस’ म्हणा. पाहुण्याला सामोरं जायचं वेशीपर्यंत, निरोप द्यायचा वेशीपर्यंत. अब्रू वेशीला टांगतात, कारण सगळं गाव तिथून जातं-येतं. सोलापुरातली बाळीवेस आजही गजबजलेली असते.

– वेस नको. ‘वेशीबाहेर’, ‘गावकुसाबाहेर’ या शब्दांत पिढ्यान्पिढ्या गावात घर बांधू न दिलेली माणसं आहेत. मिसळण्यासाठी तोच शब्द वापरलेला वाचणं माझ्या आजीला सहन होणार नाही. ‘काठ’ घ्या. नदीचा काठ पाण्याचाही आणि जमिनीचाही. लुगड्याचा काठ अंगाबरोबरच विणतात; पैठणी तर काठपदरावरूनच ओळखतात.

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा पाहा. मैदान १९२५ साली खुलं झालं. कट्टा बसता येईल एवढाच उंच. रस्त्याकडे तोंड करून बसलेला माणूस पाय उचलून वळला की मैदानात. एकाच कट्ट्यावर कुणी पॅड बांधतो, शेजारी आजोबा काठी टेकवून बसलेले. आमच्या भागातल्या बागेलाही अशीच ठेंगणी भिंत होती. मध्यंतरी तिच्यावर टोकदार गज बसवले. भिंत तीच, पण काठाची हद्द झाली. रोज संध्याकाळी तिथे बसणाऱ्या बायका आता बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात.

– कन्नडमध्ये ‘कट्टे’ म्हणजे झाडाभोवतीचा पारही आणि बंधाराही. आणि मुंबईतलं ‘शीव’ सीमेवरूनच आलं, जुन्या मुंबई बेटाची शीव.

– ‘काठ’ आवडला. पण ‘काठावर बसून गंमत बघणे’ याचं काय? तो तर कशातच न उतरणारा माणूस.

– तो अर्थही येऊ द्या. मैदानात नवख्या पोराला कुणी खेळायला बोलावत नाही. तो काठावर बसतो. कधीतरी चेंडू त्याच्याकडे येतो, तो परत फेकतो.